रात्रशाळेत डुलकी लागली म्हणून दाखला?

आज संध्याकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या भागातल्या एका रात्रशाळेनं नववीतल्या मुलाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. कारण काय, तर बेशिस्त. रोज उशिरा येतो, तासाला झोपतो आणि काल सरांना उलट बोलला.

या मुलाला मी ओळखते. पहाटेपासून कॅन्टीनमध्ये भांडी घासतो. शाळा साडेसहाची, पण शेठ सोडणार तेव्हाच हा निघणार. काल बाकावर डोकं टेकलं, तर सर भर वर्गात म्हणाले, "झोपायचंच असेल तर फुटपाथ आहे की." मग तो बोलला. बोलणारच! तुमच्या-माझ्यापैकी कोण गप्प बसलं असतं?

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्यांसाठीच. शिकायला येणारा दमलेला असणार, हे तिथे गृहीतच होतं. आणि आज मुंबईत आपण दिवसशाळेचे नियम जसेच्या तसे रात्रीच्या पोरांवर लादतो?

शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत मुलाचं नाव काढता येत नाही. नववीत गेला की ते संरक्षण संपलं. नेमकं याच वयात घर चालवायचा भार पोरांच्या खांद्यावर येतो, आणि नेमकं तेव्हाच शाळेला त्याला हाकलायची मुभा!

हो, काही पोरं मागच्या बाकावर तंबाखू मळतात, वर्ग चालू देत नाहीत, आणि सरही दमलेले असतात. मान्य. पण हा त्यातला नव्हता हो. उशीर झाला तरी यायचा. नुसतं झोपायचं असतं तर कॅन्टीनमध्येच आडवा झाला असता.

मघाशी भेटला तेव्हा रागात नव्हता. हळूच विचारलं, "ताई, सतरा नंबर फॉर्म भरला तर दहावी होते ना?" होते रे बाळा. पण त्या फॉर्मवर शाळेत न जाता बाहेरून नुसतं परीक्षेला बसता येतं. रोज रात्री गणित कोण समजावणार? दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, तिथे पुस्तक कुठे उघडणार?

उद्या सहा वाजता मुख्याध्यापकांना भेटायला जातेय. दाखला परत घ्या आणि त्याला वर्गात बसवा, एवढंच मागणं आहे. ऐकलं नाही तर शिक्षण निरीक्षकांकडे लेखी तक्रार. तुमच्यापैकी जे रात्रशाळेत शिकून पुढे गेलेत, त्यांनी सोबत यावं. खाली लिहा, कुठे भेटायचं ते कळवते.