टँकरची नोंद क्लस्टरवर कशी चढवावी

आपल्या सोसायटीत पाण्याचे किती टँकर आले याची नोंद ठेवणारे एखादे छोटे ॲप आपण लिहिले असेल, ते दिवसाकाठी जेमतेम ४० माणसे उघडत असतील आणि गेली २ वर्षे ते एका भाड्याच्या सर्व्हरवर कुणालाही त्रास न देता चालत असेल, तर ही गोष्ट चारचौघांत सांगण्याजोगी नाही. ते ताबडतोब कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक सर्व्हरांच्या जुडग्यावर (क्लस्टरवर) ॲप चालवणाऱ्या यंत्रणेवर, चढवावे. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या कोकणातला तांडेल. गूगलने स्वतःच्या कारभारासाठी बोर्ग नावाची यंत्रणा वर्षानुवर्षे चालवली आणि त्या अनुभवातून २०१४ साली हा तांडेल जगापुढे आणला. त्यांच्याकडे गलबतांचा ताफा होता आणि आपल्याकडे एक होडी आहे, एवढ्या किरकोळ फरकाने नाउमेद होऊ नये.

ॲप कसे चालवायचे हे क्लस्टरला सांगणारी यॅमल फाइल स्वतः लिहिण्याच्या खटाटोपात पडू नये. ती दुसऱ्या प्रकल्पातून उचलावी, नाव बदलावे आणि उरलेल्या ओळी कशासाठी आहेत हे कुणालाही विचारू नये, कारण ज्याच्याकडून उचलली त्यानेही ती उचललेलीच असते. इमेजला, म्हणजे ॲपच्या बांधून ठेवलेल्या गाठोड्याला, १.४.२ असा क्रमांक देणे ही कारकुनी वृत्ती झाली. ‘लेटेस्ट’ हा टॅग लावावा, म्हणजे कोणती आवृत्ती चालू आहे असे कुणी विचारल्यास ‘लेटेस्ट’ असे शपथेवर सांगता येते. मेमरीची रिक्वेस्ट आणि लिमिट (किती राखून ठेवावी आणि जास्तीत जास्त किती द्यावी) लिहिणे तर पाहुण्याने पानावर बसण्याआधीच किती पोळ्या खाणार ते सांगण्याइतके अशोभनीय आहे. सीपीयूसकट हे सारे आकडे वगळले की क्लस्टर आपल्या पॉडला, म्हणजे ॲपच्या चालत्या प्रतीला (अशा आपण तीन ठेवू), ‘बेस्टएफर्ट’ म्हणजे ‘जमेल तसे’ या वर्गात बसवतो, आणि नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका सर्व्हरवर, मेमरीची टंचाई झाली की पंगतीतून आधी उठवले जातात ते बहुधा याच वर्गातले.

पासवर्डासाठी ‘सीक्रेट’ नावाची सोय आहे. त्यात तो बेस६४ रूपात दिसतो, म्हणजे आपल्याला मोडी दिसते तसा: वाचता येत नाही म्हणून सुरक्षित वाटतो आणि ज्याला येतो त्याला एका आज्ञेत वाचता येतो. ती फाइल गिटमध्येही, म्हणजे कोडच्या सामाईक कोठारातही, ठेवावी, हरवायला नको.

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला लाइव्हनेस प्रोबविषयी आहे. क्लस्टर दर १० सेकंदांनी पॉडला ‘जिवंत आहेस का?’ असे विचारतो आणि सलग ३ वेळा समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पॉडमधला कंटेनर (ॲप ज्यात चालते तो डबा) मारून नवा सुरू करतो. या साध्या प्रश्नाच्या उत्तरात आपण डेटाबेसला एक क्वेरी अवश्य पाठवावी. मग डेटाबेस अर्धा मिनिट मंदावला, की ठणठणीत असलेले तिन्ही पॉड एकदम मृत ठरतात, एकदम पुन्हा जन्म घेतात आणि आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसवर नवी कनेक्शने घेऊन एकदम तुटून पडतात. डॉक्टर उशिरा आले म्हणून रांगेतल्या रुग्णांना मृत्यूचा दाखला द्यावा, तसाच हा प्रकार. पॉडला न मारता केवळ त्याच्याकडची वर्दळ थांबवणारा रेडिनेस प्रोब वेगळा मिळतो. पण एका प्रोबने इतके साधत असताना दुसऱ्याची भर कशाला?

एवढी सिद्धता झाली की शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता नवी इमेज रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजांच्या कोठारात, टाकावी आणि ‘रोलआउट रीस्टार्ट’ या आज्ञेने पॉड नव्याने सुरू करून घरी निघावे. रेडिनेस प्रोब नसल्यामुळे नवा पॉड सुरू होताक्षणी तयार मानला जातो आणि जुने, चालते पॉड क्लस्टर निःशंकपणे काढून टाकतो. मी स्वतः हे केले आहे. जेवणानंतर लॅपटॉप उघडला, तेव्हा तिन्ही पॉडांपुढे ‘क्रॅशलूपबॅकऑफ’, म्हणजे पुन्हापुन्हा कोसळतो म्हणून थांबून सुरू करतो, असे लिहिलेले होते आणि रीस्टार्टच्या रकान्यात १९ हा आकडा होता. पुन्हा सुरू करण्याआधी क्लस्टर प्रथम १० सेकंद थांबतो, मग २०, मग ४०, आणि असे दुप्पट करीत ५ मिनिटांवर स्थिरावतो. हा अवधी चहा करायला अपुरा पडतो आणि स्क्रीनकडे बघत बसायला फार होतो.

अशा वेळी न घाबरता ‘रोलआउट अनडू’, म्हणजे मागच्या आवृत्तीकडे परत चल, असे म्हणावे. क्लस्टर तत्परतेने मागची नोंद शोधून काढतो, तीत इमेजच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ लिहिलेले असते, म्हणून तो रजिस्ट्रीतून लेटेस्ट इमेज आणतो, आणि ती अर्थातच संध्याकाळी ६ वाजता आपणच टाकलेली असते. पडद्यावर ‘रोल्ड बॅक’ अशी ओळ उमटते. तोवर रात्रीचा टँकर येऊन गेलेला असतो आणि वॉचमनने त्याची नोंद वहीत केलेली असते.