तीसला टॉप, चाळीसची हद्द: पारोळ्याच्या नानांना उत्तर

नाना, नमस्कार.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. नव्या मोटरसायकलवर गिअर कधी बदलायचा, यावर मी मागे लिहिलं होतं. माझं म्हणणं असं की नुसत्या वेगाच्या काट्याकडे बघू नका, इंजिनावर ओझं किती आहे ते बघा. त्यावर पारोळ्याच्या नानांची प्रतिक्रिया आली: ‘असलं काही लिहून पोरांच्या नव्या गाड्या खराब करू नका. तीसला टॉप गिअर टाकायचा, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही. शोरूमवालाही हेच सांगतो. आमच्या वडिलांनी हीरो होंडाची सीडी हंड्रेड अशीच चालवली, तिचं इंजिन कधी उघडावं लागलं नाही. बाकी बठ्ठं बरं शे.’

‘बाकी सगळं बरं आहे’ या शेवटच्या अहिराणी वाक्याने माझा अर्धा राग उतरला. उरलेल्या अर्ध्यात लिहितो.

तुमचं जिथे बरोबर आहे, तिथून सुरुवात करू. पारोळ्याहून धुळ्याला निघालात, गाडीवर एकटे आहात, रस्ता सपाट आणि मोकळा आहे. अशा वेळी हंड्रेड सीसी गाडी चाळीस-पंचेचाळीसला टॉपमध्ये निवांत चालते आणि ॲव्हरेजही तिथेच मिळतं. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी पडतात, त्यामुळे घर्षण कमी होतं. शिवाय थ्रॉटल जरा जास्त उघडं राहतं, म्हणजे हवा ओढून घ्यायला इंजिनाला झगडावं लागत नाही. पेट्रोल शंभरीपार गेलेल्या दिवसांत ही काही लहान गोष्ट नाही. सपाट रस्त्यापुरतं तुमच्याशी माझं भांडण नाहीच.

भांडण आहे ते पुलाच्या चढावर. रेल्वेच्या उड्डाणपुलापाशी पाच मिनिटं उभे राहा आणि बघा. नवी कोरी गाडी, हँडलला अजून वाळलेला हार, मागे बायको, मध्ये पोरगं, टाकीवर बियाण्याची पिशवी. चढ लागला तरी गाडी टॉपलाच. मूठ पार पिळलेली, पण गाडी पुढे जायचं नाव घेत नाही. कव्हरच्या आत चेन खडखडतेय, आरसा असा थरथरतोय की मागचा केळीचा ट्रक त्यात दोन-दोन दिसावा, आणि टाकीला टेकलेल्या गुडघ्याला इंजिनाचा एकेक ठोका मोजता यावा. चालवणारा मात्र निर्धास्त, कारण काटा पस्तीसवर आहे. शोरूमवाल्याच्या हद्दीत!

आत काय चाललंय ते बघा. मूठ पूर्ण उघडल्यामुळे सिलिंडरमध्ये भरपूर हवा आणि पेट्रोल जातंय, पण पिस्टन सावकाश हलतोय. स्फोटाचा सगळा दाब पिस्टनवर, कनेक्टिंग रॉडवर आणि खालच्या बेअरिंगवर जास्त वेळ बसतो. ऑइल पंप क्रँकवरच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच फिरतो, म्हणजे फेरे कमी तर ऑइलचा पुरवठाही कमी. ओझं जास्त आणि तेल कमी, हे एकाच वेळी. त्यात आपल्याकडचा मे महिना, भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि गाडी एअरकूल्ड, म्हणजे वाऱ्यानेच थंड होणारी. सावकाश चालताना इंजिनाच्या बाहेरच्या पात्यांवर वारा लागतो तो किती! मग इंजिनातून खणखण असा पोकळ आवाज येऊ लागतो, त्याला मिस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. हाच माणूस तिसरा टाकून त्याच पस्तीसला चढला असता तर आवाज जरा वाढला असता, पण इंजिनाला सोपं गेलं असतं. लोक आवाजाला घाबरतात. नव्या इंजिनाचं वाटोळं चढत्या आवाजापेक्षा या दबक्या गुरगुरीने लवकर होतं, असं माझं ठाम मत आहे.

आता चाळीसचा नियम. तुमच्या वडिलांच्या आधीच्या पिढीत राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्या होत्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या. नवी गाडी दामटली तर पिस्टन जाम व्हायचा, ही भीती तेव्हा खरी होती. १९८५ साली सीडी हंड्रेड आली ती फोर-स्ट्रोक. इंजिन बदललं, पण आकडा तोच राहिला. शोरूमवाल्यालाही दोष देत नाही. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला एकच आकडा सांगणं सोपं. पण गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा. बऱ्याच पुस्तकांत गिअरवार वेग दिलेला असतो, आणि जास्त रेस करू नका याच्या जोडीला वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका, एकाच वेगाने लांब चालवू नका, हेही असतं. ही दोन वाक्यं कुणी वाचतच नाही. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसायच्या तर त्यांच्यावर थोडा दाब यावा लागतो, आणि तो कमी-जास्त होत राहावा लागतो. हजार किलोमीटर एकसारखं चाळीसला चालवून ते साधत नाही. तसंच ऐंशीला पिळूनही नाही.

‘तीसला टॉप’ सगळ्या गाड्यांना कसा लागू होईल, हेही मला कळत नाही. हीरोच्या स्प्लेंडर प्लसचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे ओढ, ६००० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) मिळतो, रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चा ४००० ला. एकीला चार गिअर, दुसरीला पाच. क्लासिक तीसला पाचव्यात टाकून बघा, कशी गुदमरते ती. जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरवर १-२-३-४ असे पट्टे छापलेले असायचे, ते तुम्हाला आठवत असतील. ते पट्टे म्हणजे त्या गिअरची हद्द होती, गिअर बदलायचा मुहूर्त नव्हे.

तुम्ही विचारलंत, ‘मग पोराने ओळखायचं कसं?’ गिअर टाकल्यावर मूठ किंचित उघडायची. गाडी लगेच, न हिसकता पुढे सरकली तर गिअर बरोबर. झटका खाल्ला, गुरगुरली किंवा नुसतीच मूठ फिरली, तर एक गिअर कमी. चढ दिसला की तो लागायच्या आधीच गिअर कमी करायचा, गाडी दमल्यावर नाही. कन्नड घाटात हे फार जाणवतं: वळणाच्या तोंडाशी गिअर कमी केला तर गाडी वळणातून ओढत बाहेर येते, वळणाच्या मध्यावर घाबरून क्लच दाबला तर मागचा ट्रक हॉर्न देतोच.

आणि ‘घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवतो’ हे जे तुम्ही सहज लिहून गेलात, ते मात्र कृपा करून बंद करा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, बहुतेक गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे; त्यात पेट्रोल इंजेक्टरमधून मोजून सोडलं जातं. अशा बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये असताना मूठ सोडली की इंजेक्टर पेट्रोल देणंच थांबवतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते द्यावं लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, इंजिनाचा ब्रेक गेला तो गेलाच, आणि चाळीसगावच्या बाजूला घाट संपेपर्यंत ब्रेक-शू तापून लिव्हर पोकळ लागायला लागतो.