ट्रकच्या सिरॅमिक कोटिंगबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार पूर्ण वाचली, फोटोही मोठे करून पाहिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा पातळ संरक्षक थर, करूनही सहा महिन्यांच्या आत केबिनच्या पुढच्या बाजूला खडीचे टवके उडाले, दोन्ही दारांवर पांढरे गोल डाग धरले, उन्हात बारीक गोल रेषा दिसायला लागल्या, डाव्या दारावरचा जुना ओरखडा आम्ही काढलाच नाही, आणि एवढ्यासाठी गाडी चार दिवस अडकवून ठेवली. ‘पैसे घेऊन नुसतं चमकवून दिलं’ असंही तुम्ही लिहिलंय. गाडी उभी राहिली म्हणून हप्ता थांबत नाही, हे आम्ही जाणतो. त्यामुळे सगळ्याचं सविस्तर उत्तर देतो. आपल्या गाडीवर असं काम करून घ्यायच्या विचारात असलेल्यांनीही ते वाचावं.

आधी ओरखडा, कारण तो आम्ही जाणूनबुजून ठेवला. रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस बहुतेक वेळा त्याहून जाड भरतो. बफिंगने, म्हणजे मशीनने पॉलिश करून, ओरखडा भरून निघत नाही. त्याच्या भोवतीचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळाच्या पातळीला आणला जातो, तेव्हा तो दिसेनासा होतो. म्हणजे ओरखडा जितका खोल, तितका थर कायमचा गेला. तुमच्या दारावरच्या ओरखड्यावरून नख फिरवलं की ते अडकतं. नख अडकतंय म्हणजे सहसा तो पॉलिशने निघण्यापलीकडे गेलेला असतो.

तरी आम्ही नुसत्या नखावर विसंबलो नाही. त्या दारावर जाडी मोजायचं मीटर ठिकठिकाणी टेकवलं. बाकी दारावर आकडा ११० ते १२० मायक्रॉनच्या आसपास होता, ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना मात्र तो ८० च्या घरात उतरला. हे मीटर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून एकच जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची वेगळी सांगत नाही. पण त्याच दारावर एवढा फरक दिसला, की तो ओरखडा काढायचा प्रयत्न आधी कुणीतरी केलेला आहे, हे ओळखता येतं. तिथे पुन्हा कटिंग कंपाउंड, म्हणजे थर घासून काढणारं खरखरीत पॉलिश, लावलं असतं तर गाडी न्यायला आलात तेव्हा तुम्ही खूश झाला असता. पुढे ऊन खाऊन त्याच जागी क्लिअर कोट पांढरट पडला असता आणि पापुद्रे सुटायला लागले असते. मग दार पूर्ण रंगवण्याशिवाय इलाज उरत नाही. गाडीचा मूळ रंग आम्ही एकदाच मिळणारी गोष्ट मानतो आणि तो वाचत असेल तर एक ओरखडा राहू देतो. आजही ते दार समोर आलं तर आम्ही तेच करू.

आता टवक्यांचं. सिरॅमिक कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो. समोरच्या गाडीच्या चाकाखालून उडालेली खडी थोपवायची ताकद त्यात नाही. कुठल्याही कंपनीच्या कोटिंगमध्ये नाही. खडीसाठी असते ती पारदर्शक फिल्म, जिला पीपीएफ म्हणतात. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड आणि लवचीक असते, म्हणून फटका अंगावर झेलते. ट्रकचा दर्शनी भाग सपाट आणि उभा असतो. कारच्या उतरत्या बॉनेटवरून खडी घसरून तरी जाते, इथे ती सरळ आदळते. म्हणून गाडी ताब्यात घेताना आम्ही प्रत्येक ट्रकमालकाला सांगतो की निदान पुढचा पत्रा, आरशांची कव्हरं आणि पायरीच्या वरचा भाग एवढ्याला तरी फिल्म लावून घ्या. तुम्ही खर्चाकडे बघून नको म्हणालात. तो निर्णय तुमचा होता आणि त्यात काही गैर नाही. एक मात्र तातडीने करा: फोटोत दोन टवक्यांमध्ये आतला पत्रा उघडा पडलेला दिसतोय. तिथे गंज धरायच्या आत टच-अप झालंच पाहिजे. बाकी काही लांबवलं तरी चालेल, हे नको.

आता बारीक गोल रेषा. ‘९एच कडकपणा असूनही ओरखडे कसे’ हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला आमच्या धंद्यातल्या जाहिराती जबाबदार आहेत. ९एच हे पेन्सिलीच्या चाचणीतलं माप आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ठरावीक दाबाने ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहतात. पेन्सिलीचं शिसं कुठे आणि रस्त्यावरची वाळू कुठे! वाळूत क्वार्ट्झ असतं, ते या थरापेक्षा पुष्कळ कठीण. धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की त्या फडक्याखाली वाळू फिरते. तुमच्या फोटोतल्या रेषा दारांवर हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंतच आहेत, वर छताजवळचा पत्रा अजून स्वच्छ आहे. कोटिंग सगळीकडे एकच आहे. म्हणजे फरक पुसण्यात आहे. क्लीनर सकाळी प्रेमाने गाडी पुसतो, त्याला रागावू नका. फक्त कोरडं पुसणं बंद करा. आधी पाण्याच्या प्रेशरने धूळ उतरवायची, मग भरपूर फेस, मग मायक्रोफायबरचा मऊ मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा. एक बादली शाम्पूची, दुसरी मिट खळखळून धुवायची. चाकं आणि चासी धुवायचं फडकं रंगाला लावायचंच नाही.

पांढरे गोल डाग पाण्यातल्या क्षारांचे आहेत. कोटिंगवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन उभं राहतं. ते कोरडं केलं नाही तर प्रत्येक थेंब जागेवर सुकतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचं कडं मागे ठेवतो. भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर धुतलं तर हे मिनिटांत होतं. डाग ताजे असतील तर क्षार काढायच्या सौम्य आम्लाने निघतात. महिनोन्‌महिने राहिले तर खाली कोरले जातात आणि मग पॉलिश करावं लागतं.

फोटोतली एक गोष्ट तुम्ही तक्रारीत लिहिली नाही, पण आम्हाला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. अॅल्युमिनियमच्या डिझेल टाकीवर राखाडी-पांढरे ओघळ आहेत. टाकीवर आम्ही कोटिंग केलेलंच नाही. कॉस्टिक (कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली) असलेलं केमिकल उघड्या अॅल्युमिनियमवर राहिलं की तो असा मळकट होतो. म्हणजे वॉशिंगला गाडीवर खालून वर तेच केमिकल मारलं जात असणार. ग्रीस आणि चिखल त्याने झटक्यात सुटतो, म्हणून ते वापरलं जातं. पण कोटिंगचा पाया सिलिकाचा असतो आणि कॉस्टिक सिलिकाला खातं. असे वॉश वरचेवर झाले तर वर्षानुवर्षं टिकणारं कोटिंग काही महिन्यांत थकतं. वॉशिंगवाल्याला सांगा: केमिकल फक्त चासीला, केबिनला पीएच न्यूट्रल शाम्पू, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा. तो एवढं नक्की ऐकेल.

चार दिवसांचं असं आहे की त्यातला बहुतेक वेळ कोटिंगच्या आधी जातो. तुमच्या केबिनवर डांबराचे ठिपके होते आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतलेले होते. लोखंड विरघळवणारं औषध फवारल्यावर दारांच्या खालच्या भागावरून जांभळे ओघळ आले (लोखंडाशी भिडलं की ते जांभळं होतं), त्याचा व्हिडिओ तुम्हाला त्याच दिवशी पाठवला होता. हे काढल्याशिवाय वर कोटिंग केलं तर ती घाण आतच बंद होते. नंतर क्ले (रुतलेली घाण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी), पॉलिश, अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढणं, मग एकेक पॅनेल. पहिला आठवडा शाम्पू लावू नका म्हणालो तेही थर पूर्ण पक्का व्हावा म्हणूनच.

आमच्याकडून असं करू: गाडी घेऊन या. डिकंटॅमिनेशन वॉश, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण काढणारी खोल धुलाई, करून क्षाराचे डाग काढतो आणि दोन्ही टवक्यांना टच-अप करून देतो, याचे पैसे नकोत. कधी कधी कोटिंग जिवंत असतं, पण वर काजळी आणि तेलकट थर बसल्याने ते मेल्यासारखं वाटतं. स्वच्छ केल्यावर पाणी मारून तुमच्यासमोरच बघू. जिथे थेंब धरणार नाही तो भाग पुन्हा कोट करून देऊ, तोही आमच्या खर्चाने. पुढच्या पत्र्याला फिल्म लावायची असेल तर तिचे पैसे मात्र घ्यावे लागतील.

येण्याआधी गाडी धुऊ नका, रस्त्यावरून येईल तशीच आणा. क्लीनरला बरोबर घेऊन या, धुण्याची पद्धत त्याला हातात मिट देऊनच दाखवतो. आणि वॉशिंगला जे केमिकल वापरतात त्याच्या कॅनवरच्या लेबलचा एक फोटो तेवढा काढून आणा.