पाहुण्यांना मारा, पण शेवट गोड करू नका

स्पॉयलर आहेत, आधीच सांगून ठेवतो, नंतर शिव्या घालू नका.

२०२२ चा 'स्पीक नो ईव्हिल' नावाचा डॅनिश सिनेमा आहे. डेन्मार्कचं एक कुटुंब इटलीत फिरायला जातं, तिथं एका डच जोडप्याशी ओळख होते, ते म्हणतात घरी या, आणि हे जातात. तिथं यजमान हळूहळू अंगावर यायला लागतो. बाई मटण खात नाही हे माहीत असून घास खायला लावतो, हॉटेलचं बिल पाहुण्यांच्याच गळ्यात मारतो, सगळ्यांसमोर पोरावर खेकसतो, आणि हे दोघं दरवेळी 'जाऊ दे ना, वाईट दिसेल' करत गप्प. एकदा रात्री गुपचूप निघतातही, पण पोरीचा खेळण्यातला ससा मागे राहिला म्हणून गाडी वळवून परत येतात!! शेवटी पोरीची जीभ कापतात, आईबापाला दगडांनी मारतात. का करताय असं विचारलं तर उत्तर काय, तर तुम्ही करू दिलं म्हणून.

२०२४ मध्ये हॉलिवूडने याचा रिमेक केला. जेम्स मॅकअवॉयने यजमान एक नंबर केलाय, त्यात वादच नाही. पण शेवटी पाहुणे मारामारी करून सुटतात. मग दीड तास त्यांचा तो भिडस्तपणा आम्हाला कशाला दाखवला राव?

हे पहिल्यांदा झालेलं नाही. डच डायरेक्टर जॉर्ज स्लायझरने १९८८ चा स्वतःचाच 'द व्हॅनिशिंग' १९९३ ला अमेरिकेत परत केला आणि शेवट स्वतःच्या हाताने गुळमुळीत करून टाकला. आपल्याकडे २००६ च्या 'जिंदा'मध्ये कोरियन 'ओल्डबॉय'ची हाणामारी जशीच्या तशी आली, नकळत बाप-लेकीतच संबंध येतात तो भयानक काटा तेवढा गायब. उलट मायकेल हानेके बघा, १९९७ चा 'फनी गेम्स' त्याने २००७ ला इंग्रजीत शॉट टू शॉट तोच केला, नट बदलले, कळ तीच ठेवली. हट्टी माणूस, पण मला तो हट्ट आवडतो.

आता हा डॅनिश सिनेमा कोणी आपल्या खान्देशात आणला तर भूतबित, करणीबिरणी काही घालायची गरज नाही. आपला पाहुणचारच पुरे आहे. पुण्याचं कुटुंब, केरळच्या ट्रिपमध्ये ओळख झालेली, यावलकडच्या मळ्यात भरीत पार्टीला बोलावलंय. थंडी, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकलेली, साल काळी पडून फुटतेय, बाजूला मिरच्या, कळण्याच्या पुऱ्या. पाहुणा निघतो म्हणाला की यजमान खांद्यावर हात टाकून म्हणणार, "आते कोठे जास, जेवीसन जाय." गाडीची चावी त्याच्याच खिशात. शाकाहारी वहिनींच्या ताटात रस्सा वाढून "आमचा मान नाही का ठेवायचा?" आणि स्वतःच्या पोराच्या कानाखाली काढली तर पाहुणे काय करतील? ताटात बघतील. त्यांचं घर, त्यांचं पोरगं, आपण कशाला बोला. आपण सगळे असंच करतो की नाही खरं सांगा. युरोपातल्या माणसाला दोन दिवस थांबवायला डायरेक्टरला किती खटपट करावी लागली असेल, आपल्याकडे एक 'राग आला का?' पुरतं.

मालेगावच्या पोरांना हे २००० सालीच कळलं होतं. 'मालेगाव के शोले' केला तर डाकूंना घोड्यांऐवजी सायकली दिल्या. कॉमेडी होती ती, पण गोष्ट आपल्या गावात कशी उतरवायची हे त्यांना बरोबर माहीत होतं.

लोक म्हणतात आपल्या पब्लिकला असला शेवट चालत नाही. मग 'सैराट' काय होता? १०० कोटींच्या वर गेलेला पहिला मराठी सिनेमा, आणि शेवटी दोघंही मेलेले, ते बारकं पोरगं रक्ताची पावलं उमटवत चाललंय. पब्लिकने पैसे परत मागितले का? परत परत बघितला. पब्लिकला नाही, प्रोड्युसरला चालत नाही असं म्हणा.

हां, 'खान्देशची बदनामी' म्हणून आठ दिवस बोंबाबोंब होईल ती वेगळी. होऊ द्या.

करणाऱ्याने फक्त एक करावं, यजमानाच्या रोलला तो नेहमीचा डोळे वटारणारा व्हिलन घेऊ नये. लग्नात सगळ्यांना आग्रह करून वाढणारा, गावभर ज्याला भाऊ भाऊ करतात, असा हसतमुख माणूस पाहिजे. पहिला अर्धा तास पब्लिकला वाटलं पाहिजे की आपल्यालाही याच्या मळ्यात जायला मिळावं.