दहापैकी किती?

नवरा-बायकोनं शेजारी बसून बघू नये, असा एक शिक्का सेन्सॉर बोर्डानं तातडीनं करून घ्यायला हवा. भुताखेतांचे, रक्तपाताचे सिनेमे खुशाल बघावेत. संसाराचे मात्र नकोत, आणि त्यात बंदुका असतील तर मुळीच नकोत.

शनिवारी जेवणं आटोपल्यावर मी ‘मिस्टर अँड मिसेस स्मिथ’ लावला, तो निव्वळ मारामारीसाठी. 2005चा सिनेमा, दिग्दर्शक डग लिमन, समोर ब्रॅड पिट आणि अँजेलिना जोली. दोघंही सुपारी घेऊन माणसं मारणारे, पण एकाच छपराखाली राहून एकमेकांच्या धंद्याचा पत्ता नाही. मग एक दिवस दोघांना एकमेकांचीच सुपारी मिळते. आता यात आमच्या घरात वाद व्हावा असं काय आहे, सांगा!

पण सिनेमा सुरू होतो तोच समुपदेशकाच्या खोलीत. लग्नाला किती वर्षं झाली? तो म्हणतो पाच, ती म्हणते सहा. “बघा, तिकडेही तेच,” आमच्या सोफ्यावरून आवाज आला. पुढे समुपदेशक विचारतो, एक ते दहामध्ये तुम्ही किती सुखी? दोघं म्हणतात, आठ. हिनं रिमोट उचलला आणि सिनेमा थांबवला.

“तुमचे किती?”

“अगं, चालू दे ना. आधीच साडेदहा झालेत.”

“म्हणजे आठच्या खाली.”

ज्यानं हा सिनेमा लिहिला त्या सायमन किनबर्गला ही कल्पना सुचली, ती म्हणे विवाह समुपदेशनाला जाणाऱ्या मित्रांच्या गोष्टी ऐकून. पटतं. गोळीबार नुसता देखावा आहे, खरी हाणामारी पडद्यांवरून होते. ती घरात नवे पडदे लावते. नाही आवडले तर परत करू, असं स्वतःच म्हणते. तो बापडा सांगतो, नाही आवडले. ती म्हणते, होईल सवय. मी इतका मोठ्यानं हसलो की आई जपमाळ थांबवून बघायला लागली. आमच्या हॉललाही दिवाळीपासून मोहरीच्या रंगाचे पडदे आहेत. हिच्या मते तो रंग ‘उबदार’ आहे. मला त्या खोलीत बसलं की कावीळ झाल्यासारखं वाटतं, पण हे मी फक्त इथे लिहितोय.

मग ते जेवणाच्या टेबलाचं दृश्य. एव्हाना दोघांना एकमेकांचा संशय आलेला. तो वाइनची बाटली मुद्दाम हातातून सोडतो. ती खाली न बघता अलगद झेलते, मग आपण पकडले गेलो हे तिच्या ध्यानात येतं आणि ती बाटली सोडून देते. काय अभिनय आहे! तिच्या डोळ्यांत तेवढ्या क्षणात अख्खं लग्न मोडतं. मी श्वास रोखून बघत होतो.

“गालिच्यावर!” ही कळवळली.

“मीठ टाका म्हणावं लगेच,” आई.

यानंतर दोघं मिळून ते घर उद्ध्वस्त करतात. 11 कोटी डॉलर खर्चून काढलेला सिनेमा, आणि आमच्याकडे चालू होता पंचनामा. काचेची कपाटं गेली, जिना गेला, भिंतींची चाळण झाली. उद्या कामवाली आली की दारातूनच परत जाईल, असं हिचं मत पडलं. एवढं मोठं स्वयंपाकघर, पण ओट्यावर चहाचं पातेलं नाही, हे आईचं. पुढे मारता मारता ते दोघं एकदम मिठीतच शिरतात. मी घाईघाईनं रिमोट शोधायला लागलो, तर आई म्हणाली, “असू दे रे. तू काय आकाशातून पडलास?”

सगळ्यात बिकट प्रसंग गाडीतला. शेजाऱ्यांची गाडी घेऊन पळताना, मागून गोळ्या येत असताना, दोघं एकेक कबुली देतात. लग्नात उभे केलेले तिचे वडील भाड्याचे नट होते. तिनं जन्मात कधी स्वयंपाक केलेला नाही, तो ऑफिसातल्या मुली करायच्या. इथे सासू-सुनेची जरा नजरानजर झाली. तो सांगतो, माझं आधी एक लग्न झालं होतं. गाडी चालवता चालवता ती त्याला बडवते, आणि आमची ही माझ्याकडे बघते! माझ्याकडे बघून काय उपयोग? मला त्या वयात कांदेपोहेसुद्धा दुसऱ्यांदा मिळत नव्हते.

शेवटची चकमक घरगुती सामानाच्या भल्यामोठ्या दुकानात आहे. तिथे ही गोळ्यांकडे न बघता मांडणीवरच्या वस्तू बघत होती. मग पुन्हा समुपदेशक, दोघं खुशीत, आणि आता आकडा थेट दहावर. नावं वर सरकायला लागली, तशी ही माझ्याकडे वळली.

“हं. तुमचे राहिलेत अजून.”

मी घसा खाकरला. आई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आतल्या खोलीकडे जाता जाता म्हणाली, “चार. आणि गीझर बंद करा.”