खालच्या बांधाला साचलेल्या पाण्याबाबत आमचे उत्तर

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या लेझर लेव्हलिंगच्या, म्हणजे लेझर किरणांच्या मदतीने रानाची पातळी साधण्याच्या कामाला आपण एकच तारा दिला आहे. आपल्या तक्रारीचा सारांश असा की, मे महिन्यात वाळवा तालुक्यातील आपल्या अडीच एकरांत आम्ही १२ तास ट्रॅक्टर चालवला, तर शेजाऱ्यांचे तेवढेच रान ५ तासांत झाले होते; एवढे करूनही रान सपाट नाही, एक टोक नऊ इंच खाली आहे; जूनअखेरच्या पावसात खालच्या बांधाला बारा गुंठ्यांत आणि मधल्या जुन्या खोलगट जागेत तीन दिवस पाणी उभे राहिले; वरच्या अंगाच्या सोयाबीनवर केवडा पडला, म्हणजे पाने पिवळी पडली; आणि एकूणच "लेझर म्हणजे नुसता दिवा लावून पैसे काढायचा धंदा आहे". हे वाचल्यावर मी स्वतः ट्रायपॉड आणि स्टाफ (उंचसखलपणा मोजायची आकड्यांची उभी पट्टी) घेऊन रानावर आलो आणि आपल्या चिरंजीवांच्या समोर पुन्हा मोजणी केली. त्यात जे निघाले ते इथेच लिहितो, कारण त्यातला बराच भाग आपल्या बाजूचा आहे.

आधी नऊ इंचांविषयी. ही चूक नसून तेच काम होते. भाताच्या खाचरात पाणी उभे ठेवायचे असते, म्हणून तिथे ताटासारखे सपाट रान चालते. पण आपल्या भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी लवकर मुरत नाही, त्याला चालून बाहेर जायला उतार लागतो, आणि तो इतका बेताचा लागतो की पाणी निघावे पण माती वाहून जाऊ नये. आपल्या रानाला आम्ही ०.२ टक्के उतार धरला होता, म्हणजे १०० मीटरला २० सेंटीमीटर. आपले रान उभे १२० मीटर आहे, तेव्हा वरच्या आणि खालच्या टोकात २४ सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेनऊ इंचांचा फरक पडणारच. परवाच्या मोजणीतही, ज्या जागांबद्दल पुढे लिहितो त्या सोडल्या तर, उतार सगळीकडे दीड सेंटीमीटरच्या आतबाहेर जुळला. मात्र पावतीवर आम्ही फक्त "०.२ टक्के" एवढेच लिहिले होते आणि त्यातून कोणाला काही उमजावे ही अपेक्षा चुकीची होती. यापुढे पावतीवर दोन टोकांतला फरक इंचात लिहिला जाईल.

तासांचा हिशेब मातीच्या आकारमानावर ठरतो, एकरांवर नाही. आपल्या रानात निम्म्या क्षेत्रावर सरासरी ७ सेंटीमीटर माती कापावी लागली. अडीच एकर म्हणजे सुमारे १०,१०० चौरस मीटर. त्याच्या निम्म्यावर ७ सेंटीमीटर धरले तर साडेतीनशे घनमीटर माती होते. ट्रॅक्टरमागच्या माती कापून वाहणाऱ्या आमच्या बकेटमध्ये एका खेपेला जेमतेम एक घनमीटर माती येते आणि भरून, नेऊन, पसरून परत यायला दोन मिनिटे जातात. साडेतीनशे खेपांचे बारा तास असे होतात. शेजाऱ्यांचे रान दोन वर्षांपूर्वी एकदा लेव्हल झालेले होते, तिथे फक्त वरचा पापुद्रा एकसारखा करायचा होता. ड्रायव्हर "लिव्हरला हातसुद्धा लावत नव्हता" असेही आपण लिहिले आहे, आणि ते खरे आहे. ट्रायपॉडवरचा ट्रान्समीटर गरगर फिरत किरणांचे एक प्रतल रानावर धरून ठेवतो, बकेटच्या दांड्यावरचा रिसीव्हर ते टिपतो आणि कंट्रोल बॉक्स हायड्रॉलिकने बकेट आपोआप वरखाली करतो. हात लावला तर उलट काम बिघडते. त्या वेळात त्याने मोबाइल पाहत बसणे मात्र आम्हाला मान्य नाही आणि त्याला तसे सांगितले आहे.

आता पाण्याविषयी, कारण खरी तक्रार तीच आहे. खालच्या बांधाजवळच्या कोपऱ्यात स्टाफ धरला तेव्हा रीडिंग २.३१५ मीटर आले. मग बांधातल्या पाइपातून पलीकडे, पाणी जिथे सोडायचे त्या चरीच्या तळाशी स्टाफ धरला, तर तिथे आले २.२८५. रीडिंग कमी म्हणजे जागा उंच. म्हणजे चरीचा तळ आपल्या रानाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यापेक्षा ३ सेंटीमीटर वर आहे. तीन सेंटीमीटर म्हणजे दोन बोटे, पण ०.२ टक्के उतारावर तेवढी अडवणूक पाण्याला १५ मीटर मागे सारते. आपल्या रानाची रुंदी ८४ मीटर आहे. पंधरा गुणिले चौऱ्याऐंशी केले की साडेबारा गुंठे होतात, आणि आपण बारा गुंठे लिहिले आहेत. नजरेने लावलेला आपला अंदाज इतका नेमका होता, हे मोजणीनंतर मी आपल्या चिरंजीवांना बोलूनही दाखवले.

ही चूक आमची आहे. काम सुरू करण्यापूर्वी आम्ही रानात दर १० मीटरवर रीडिंग घेतले, पण बांधाच्या पलीकडे स्टाफ नेलाच नाही. निचऱ्याचे काम शेवटाकडून सुरू करायचे असते: आधी ओढा, मग चर, मग पाइप आणि शेवटी रान. आम्ही रानापासून सुरुवात केली आणि रानातच थांबलो. चर गाळाने भरली आहे ही गोष्ट खरी, पण ती मे महिन्यातही भरलेलीच होती आणि स्टाफ धरला असता तर दिसली असती. तेव्हा गाळाकडे बोट दाखवून मी सुटू इच्छित नाही.

मधल्या चार गुंठ्यांचे कारण वेगळे आहे. तिथे आपली जुनी खोलगट जागा होती आणि सर्वांत खोल ठिकाणी ४० सेंटीमीटर भर पडली. काम संपले त्या संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावरच्या लाल खुणेवरून मोजले तेव्हा ती जागा बरोबर पातळीत होती. आता त्याच खुणेवरून मोजले तर ती ७ सेंटीमीटर बसली आहे. सैल भराव पहिल्या पावसाला बसतो, हे या धंद्यात कोणालाही नवे नाही. एवढी भर थराथराने टाकून दाबायला हवी होती, किंवा पहिल्या पावसानंतर पुन्हा एक हात फिरवावा लागेल असे आधीच लिहून द्यायला हवे होते. आम्ही दोन्ही केले नाही.

केवड्याच्या बाबतीत मी अर्धाच दोष घेतो. वरच्या अंगाला १५ सेंटीमीटरपर्यंत कापणी झाली आणि खालची चुनखडीची पांढरट माती उघडी पडली. अशा मातीत लोह असूनही पिकाला घेता येत नाही. शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात, आणि आपल्या फोटोत नेमके तेच दिसते. वरची सुपीक माती आधी बाजूला काढून लेव्हलिंगनंतर परत पसरावी, असे मी तेव्हा सुचवले होते आणि खर्च जवळपास दुप्पट होतो म्हणून आपण नको म्हणालात. पण हे बोलणे तोंडी झाले होते, म्हणून त्यावर मी अडून बसत नाही. सध्या १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) या प्रमाणात फवारणी करून पाहावी आणि पुढच्या हंगामापूर्वी त्या पट्ट्यात शेणखत घालून ताग किंवा धैंचा गाडावा. कृषी सहायकांनाही एकदा दाखवून घ्यावे, कारण त्यांचा सल्ला माझ्यापेक्षा अधिक भरवशाचा असेल.

आपण ७ तासांचे पैसे परत मागितले आहेत. ते मी देणार नाही, कारण ते तास खरोखर कामाचे होते आणि हलवलेली माती रानातच आहे. मात्र जे चुकले ते दुरुस्त करण्याचे पैसे आपल्याकडून घेतले जाणार नाहीत. चर आपल्या बांधापासून ओढ्यापर्यंत ६० मीटर आहे आणि ती शेजाऱ्यांच्या हद्दीतून जाते. त्यांना मी भेटलो असून त्यांचे सोयाबीन निघाल्यावर जेसीबी घालायला त्यांनी होकार दिला आहे. चरीचा तळ आपल्या कोपऱ्यापेक्षा किमान १५ सेंटीमीटर खाली नेऊ, म्हणजे थोडा गाळ आला तरी पाणी मागे फिरणार नाही. चार गुंठ्यांची भरही त्याच वेळी पूर्ण करू. तोवर मोठा पाऊस झाला तर फोन करावा, पाणी उपसायला इंजिन पाठवतो.

एक खुलासा मात्र आवश्यक आहे. कृष्णाकाठची पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे, आणि आपल्या रानातही पाणी खालून वर येत असेल तर लेझरने केलेला उतार त्यावर इलाज नाही. त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकावे लागतात आणि ते काम आम्ही करत नाही. सध्या तरी तसे लक्षण मला दिसले नाही.

विहिरीच्या कठड्याची डागडुजी दिवाळीपूर्वी करणार असल्याचे चिरंजीव म्हणाले. आमची पुन्हा मोजणी होईपर्यंत ती लाल खूण तेवढी शाबूत ठेवावी, ही विनंती.