टॉमी जॉन म्हणजे अपग्रेड नाही, ते ऑपरेशन आहे

परवा रात्री साडेदहाला दाजींचा मेसेज आला. दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर, न्यू जर्सीत एडिसनला असतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेरा वर्षांचा, गेली चार वर्षं बेसबॉल खेळतोय, पिचर आहे, म्हणजे बॉल टाकणारा, आणि आजूबाजूचे सगळे यांकीजवाले असताना हा पठ्ठ्या खोलीत पिट्सबर्ग पायरेट्सची जर्सी टांगून बसलाय, कारण त्यांचा तरुण पिचर पॉल स्कीन्स. मेसेज फॉरवर्ड केलेला होता, लांबलचक, चांगल्या मराठीत लिहिलेला, तरुण पिचरला जपून जपून कसं वाया घालवतात अशा अर्थाचा, आणि खाली दाजींनी स्वतः एकच ओळ टाकली होती, ‘वाचा, मला तर पटतंय, कोचही हेच म्हणतो.’ त्या एका ओळीने माझी झोप गेली.

ज्यांच्याकडे तो आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, पूर्वीचे पिचर वर्षाला तीनतीनशे इनिंग (एका मॅचमध्ये साधारण नऊ असतात) टाकायचे, नोलन रायनने एका मॅचमध्ये २३५ पिच, म्हणजे बॉल, टाकल्या, त्याला काही झालं नाही. दोन, स्कीन्स रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा, असताना नो-हिटर चालू होती, म्हणजे समोरच्यांना एकही हिट मिळाली नव्हती, तरी त्याला काढलं, हा भित्रेपणा. तीन, पिच मोजणं हे सगळं मालकांच्या पैशाचं गणित. चार, एवढं जपूनही रूकी दुसऱ्या वर्षी आपटतोच. पाच, कोपराचं लिगामेंट गेलंच तर टॉमी जॉन सर्जरी करायची, हात पहिल्यापेक्षा मजबूत होतो, वेग वाढतो, त्यामुळे लहान वयात झाली तर उलट बरंच. सहा, आपल्या कपिल देवला कोणी बॉल मोजून दिले होते?

पाचव्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचे मुद्दे चुकीचे असले तरी त्यावर चहा पिता पिता वाद घालता येईल, पण हा पाचवा मुद्दा एका तेरा वर्षांच्या मुलाच्या बापाने वाचलाय आणि त्याला तो पटलाय.

कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटं लिगामेंट असतं, दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं हाड यांना बांधून ठेवणारं. पिचर जेव्हा हात मागे नेऊन पुढे झटकतो तेव्हा खांदा सेकंदाला सात हजार अंशांहून जास्त वेगाने फिरतो आणि तो सगळा ताण कोपर आतून उघडायला बघतो, तिथे हे लिगामेंट त्याला धरून असतं. ते तुटलं की पूर्वी करिअर संपायचं. जुलै १९७४ मध्ये डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन, ज्याच्या नावाने हे ऑपरेशन ओळखतात तो, पिच करता करता थांबला, त्याचं ते लिगामेंट गेलं होतं. २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताचं टेंडन काढून डाव्या कोपरात हाडांना भोकं पाडून ओवलं, आणि पुन्हा खेळण्याची शक्यता शंभरात एक आहे असं त्याला सांगितलं. पुढे नसेचा त्रास झाला म्हणून आणखी एक ऑपरेशन. अख्खा १९७५ चा सीझन गेला. १९७६ ला तो परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला, एकूण २८८ मॅच जिंकला, त्यातल्या १६४ ऑपरेशननंतरच्या. मेसेज लिहिणाऱ्याने हा शेवट तेवढा उचललाय. टॉमी जॉन तेव्हा ३१ वर्षांचा, पूर्ण वाढ झालेला माणूस होता हे लिहायचं मात्र राहिलं.

आता वेग वाढतो हे कुठून आलं? ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष पिचर मॅच खेळत नाही, पण त्या काळात पाय, पाठ, पोट, खांदा सगळ्यावर रोज काम होतं, आयुष्यात कधी केला नसेल एवढा व्यायाम होतो. शिवाय लिगामेंट पूर्ण तुटायच्या आधी बऱ्याचदा काही काळ दुखत असतं, तेव्हा वेग आधीच पडलेला असतो, त्या पडलेल्या वेगाशी तुलना केली की परत आल्यावर वाढल्यासारखा दिसतो. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, पिचरांचे ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे वेग तपासलेत, ऑपरेशनमुळे वेग वाढल्याचं त्यात दिसत नाही. व्यायामच हवा असेल तर तो हाडाला भोक न पाडताही करता येतो ना!

आणि तेरा वर्षांच्या मुलाची गोष्ट तर पूर्ण वेगळीच आहे. या वयात हाडांच्या टोकाशी ग्रोथ प्लेट अजून उघडी असते, म्हणजे हाड जिथून वाढतं तो मऊ भाग, आणि तो लिगामेंटपेक्षा कमजोर असतो. मोठ्या माणसाचं लिगामेंट तुटतं, मुलाची आधी ती प्लेट सुजते, ताणली जाते, कधी हाडाचा तुकडाच ओढला जातो. त्यावर औषध म्हणजे बॉल खाली ठेवणं, महिनोन् महिने. ‘लहान वयात झाली तर बरंच’ लिहिणाऱ्याने कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला एकदा विचारायला हवं होतं. अमेरिकेत २००७ ते २०११ मधल्या विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा टॉमी जॉन झालेल्यांपैकी ५६.७ टक्के पेशंट १५ ते १९ वयाचे निघाले. मुलं! ज्यांना कुणी एक डॉलरही दिलेला नाही अशी. आणि २०१२ च्या एका पाहणीत हायस्कूलच्या निम्म्या खेळाडूंना वाटत होतं की दुखापत नसतानाही खेळ सुधारायला हे ऑपरेशन करावं. म्हणजे दाजी एकटे नाहीत, हा गैरसमज जुना आहे, आणि असे मेसेज तोच पसरवतात.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो अभ्यास सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचर मुलांचा दहा वर्षं माग ठेवला, २०११ ला निकाल छापला. गंभीर दुखापत म्हणजे काय धरलं होतं, तर कोपराचं किंवा खांद्याचं ऑपरेशन, नाहीतर हातामुळे खेळच सोडावा लागणं. एकूण साधारण पाच टक्के मुलांना ती झाली. पण ज्यांनी एका वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग टाकल्या त्यांना ती होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट होती. मी लगेच ताईला फोन लावला आणि भाच्याच्या सगळ्या स्कोअरशीट काढून बेरीज करायला लावली. वसंतातली लीग, उन्हाळ्यातला ट्रॅव्हल बॉल (गावोगावी जाऊन खेळायच्या मॅच), शरदातला फॉल बॉल, सगळं मिळून १०७ इनिंग, आणि हिवाळ्यात इनडोअरला कोचचा ‘वेलोसिटी प्रोग्रॅम’, म्हणजे वेग वाढवायचा सराव, वेगळा. ताई फोनवर गप्पच झाली. कोच हेच म्हणतो म्हणे. कोच म्हणणारच.

आता पहिला मुद्दा. रायनने २३५ पिच टाकल्या हे खरं आहे, १४ जून १९७४, रेड सॉक्सविरुद्ध, १३ इनिंग, १९ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. आणि बरोबर पुढच्याच महिन्यात टॉमी जॉनचं लिगामेंट तुटलं, त्याच काळात, त्याच खेळात, पिच न मोजताच! रायन २७ सीझन खेळला, तसा दुसरा झाला नाही, आणि १९९३ ला शेवटच्या मॅचमध्ये ४६ व्या वर्षी त्याचंही तेच लिगामेंट गेलं. जे टिकले त्यांचीच नावं आपल्याला पाठ असतात. मार्क फिड्रिच आठवतो का कुणाला? डेट्रॉइटचा, १९७६ चा रूकी ऑफ द इयर, २१ वर्षांचा पोरगा, १९ विजय, २४ मॅच स्वतःच पूर्ण टाकल्या. पुढच्या वर्षी आधी गुडघा, मग खांदा, आणि उरलेल्या सगळ्या करिअरमध्ये मिळून फक्त १० विजय. केरी वुडने १९९८ ला विसाव्या वर्षी, पाचव्याच मॅचमध्ये २० जणांना स्ट्राइकआउट केलं, शिकागो नुसतं वेडं झालं होतं, आणि १९९९ चा पूर्ण सीझन त्याने टॉमी जॉननंतर घरी बसून काढला. शिवाय तेव्हाचे पिचर प्रत्येक बॉल जीव खाऊन टाकत नव्हते. मेजर लीगच्याच २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे २००८ ला सरासरी फास्टबॉल ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ ला ९४.२ झाला, आणि दुखापती वाढायला हाच वेगाचा हव्यास कारणीभूत आहे असं त्यात म्हटलंय.

स्कीन्सची नो-हिटर. ११ जुलै २०२४, मिलवॉकी, सात इनिंग, ९९ पिच, ११ स्ट्राइकआउट, एकही हिट नाही, आणि काढलं. मी ती मॅच बघत होतो, मलाही वाईट वाटलं, ओरडलोसुद्धा. पण तो त्याच्या मेजर लीग करिअरचा अकरावा स्टार्ट, म्हणजे पहिल्या बॉलपासून टाकलेली अकरावी मॅच होती, आणि पाच दिवसांनी तो ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंची, मॅच सुरू करणार होता. आणखी दोन इनिंग म्हणजे १२५ च्या पुढे गेला असता. पायरेट्स ती मॅच १-० ने जिंकलेच. यात भित्रेपणा कुठे आहे?

आणि एवढं ‘जपून’ झालं काय ते बघा. २०२३ ला एलएसयूत, म्हणजे लुइझियानाच्या कॉलेज संघात, आणि ड्राफ्टमध्ये पायरेट्सने निवडल्यावर खालच्या मायनर लीगमध्ये मिळून साधारण १२९ इनिंग. २०२४ ला ट्रिपल-ए (मेजरच्या लगेच खालची लीग) आणि मेजर मिळून १६० च्या आसपास. २०२५ ला जवळजवळ १८८. दरवर्षी तीसेक इनिंगची पायरी, उडी नाही. रूकी वर्षात ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, जितके कमी तितकं चांगलं) १.९६ आणि रूकी ऑफ द इयर, दुसऱ्या वर्षी ईआरए १.९७, २१६ स्ट्राइकआउट आणि एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस. दुसऱ्या वर्षी आपटतोच म्हणणाऱ्या चौथ्या मुद्द्याला एवढं पुरे. भाच्याला मी अजून एक सांगितलं, हा तुझा हिरो एअर फोर्स अकादमीत कॅचर, म्हणजे बॅटरमागे बॉल पकडणारा, होता, बॅटिंगही करायचा, २०२२ ला कॉलेजमधल्या सर्वोत्तम टू-वे (पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या) खेळाडूचं बक्षीस त्याला मिळालं. तो बारा महिने फक्त पिचिंग करत मोठा झालेला नाही.

तिसरा मुद्दा, मालकांचं गणित. यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. स्कीन्सला ९२ लाख डॉलरचा बोनस दिलाय, एवढा पैसा कुणीही जपणार, आणि २०२४ ला एप्रिलभर त्याला इंडियानापोलिसच्या ट्रिपल-ए संघात ठेवून ११ मे ला वर आणलं त्यात सर्व्हिस टाइमचा, म्हणजे मेजरमधल्या दिवसांच्या हिशेबाचा, विचार नव्हता असं मीही मानणार नाही. पण मालकाचा हेतू पैशाचा आहे म्हणून कोपराला ताण कमी पडतो असं होत नाही ना. आणि माझ्या भाच्याला तर मालकच नाही, त्याचा हात मोजायला घरचेच आहेत.

अजून एक गोष्ट कबूल करतो, मेसेजमध्ये नव्हती तरी कुणीतरी काढेलच. जपल्याने हात वाचतोच याची हमी नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग याने २०१० ला पहिल्याच मॅचमध्ये आमच्या पायरेट्सचे १४ स्ट्राइकआउट घेतले, तीन महिन्यांत टॉमी जॉन झाली, २०१२ ला नॅशनल्सने त्याला प्लेऑफच्या आधीच थांबवलं, २०१९ ला तो वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला, २४.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यानंतर फक्त आठ स्टार्ट. स्कीन्सबरोबरच २०२४ ला रूकी म्हणून आलेल्या जॅरेड जोन्सचं कोपर मे २०२५ मध्ये उघडावं लागलं, संघ तोच, डॉक्टर तेच. म्हणून तर आमचा दुसरा तरुण पिचर बबा चँडलर याने ताशी शंभर मैलांचा वेग ओलांडला की मला आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. पण सीटबेल्ट लावूनही माणसं मरतात म्हणून कुणी पोराचा बेल्ट काढून ठेवत नाही.

कपिलचं खरं आहे, १३१ टेस्ट, दुखापतीमुळे एकही चुकली नाही. पण क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवून बॉल टाकतात, तिथे पाठ जाते, बुमराला विचारा, २०२३ ला पाठीचं ऑपरेशन झालं. आणि आता आपल्याकडेही फास्ट बॉलरच्या ओव्हर मोजतातच.

दाजी, आता फक्त तुमच्यासाठी. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने २०१४ ला ‘पिच स्मार्ट’ नावाचा तक्ता काढला, फुकट आहे. १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, वर्षाला १०० इनिंग, ६६ किंवा जास्त पिच टाकल्या तर चार दिवस सुट्टी, वर्षात किमान चार महिने पिचिंग बंद, आणि ज्या मॅचला पिचर असेल त्या मॅचला कॅचर नाही. कोपराच्या आत दुखतं म्हणाला तर बर्फ लावून परत उभा करू नका, डॉक्टरकडे न्या. गेल्या आठवड्यात त्याने मला हळूच विचारलंय, ‘मामा, टॉमी जॉन केली की किती दिवसांनी खेळता येतं?’ तो हे का विचारतोय ते तुम्ही आज त्याला विचारा.

काल शनिवारी त्याने ६८ पिच टाकल्यात, ताईने क्लिकरवर मोजल्यात. म्हणजे चार दिवस सुट्टी: रवि, सोम, मंगळ, बुध. आजच्या फायनलला कोच त्याला ‘फक्त दोन इनिंग’ मागतोय असं ताई म्हणाली. त्याला फर्स्ट बेसवर उभं करा. कोच रागावला तर त्याला माझा नंबर द्या, बॉल गुरुवारी हातात द्या.